पत्रादेवीच्या पलीकडचं घर

म्हापशात दुपारी एक वाजला की दुकानांची शटरं धडाधड खाली येतात आणि साडेतीनपर्यंत बाजार पेंगतो. बाहेरच्यांना याची गंमत वाटते, गोंयकाराला त्यात काही विशेष वाटत नाही. एका हार्डवेअरच्या दुकानात काउंटर सांभाळणारा एक गृहस्थ बावीस वर्षं या वेळेत पायी घरी जायचा. माशांचं हुमण आणि भात जेवायचा, पंख्याखाली आडवा व्हायचा, चहा घेऊन परत यायचा. आता तो शटर आतून अर्धं ओढून घेतो, डबा उघडतो आणि वॉल पुट्टीच्या पोत्यांना पाठ लावून बसल्या बसल्या डुलकी काढतो. डबा पहाटे भरलेला असतो, त्यामुळे त्यात मासे नसतात. घर आता तीसेक किलोमीटरवर आहे, पत्रादेवीच्या नाक्यापलीकडे, महाराष्ट्रातल्या बांद्याला.

मी म्हापशात गृहकर्जाच्या फायली तयार करून देतो. पगाराच्या स्लिपा, सेल अ‍ॅग्रीमेंट, फॉर्म डी (शहरातल्या जागेचा उतारा), सनद (बिगरशेतीचा परवाना), नील एन्कंबरन्स (बोजा नसल्याचा दाखला) आणि बँकेच्या वकिलाच्या न संपणाऱ्या शंका, यात माझा दिवस जातो. या कुटुंबाची फाइल मीच केली. ओळख पटेल असं काही इथे ठेवलेलं नाही. प्रकरण मांडावंसं वाटलं ते अशासाठी, की यात कोणी फसवलं नाही, कोणी हाकललं नाही, प्रत्येकाने आपापल्या जागी शहाणपणाचा निर्णय घेतला, आणि तरी एक कुटुंब राज्याबाहेर गेलं. तेही अर्धंच.

आजोबांच्या दोन खोल्या

गृहस्थाचे आजोबा १९६१ नंतर, गोवा मुक्त झाल्यावर, सावंतवाडीकडच्या एका गावातून म्हापशाला आले. आधी बाजारात ओझी वाहिली, मग एका किराणा व्यापाऱ्याकडे दिवाणजी झाले. भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने त्या काळात गावोगाव मराठी शाळा काढल्या होत्या, त्यातल्याच एका शाळेत त्यांची मुलं शिकली. राहायला एका जुन्या कौलारू घराच्या मागच्या दोन खोल्या मिळाल्या. पुढे बाल्कांव, म्हणजे बसायचा ओटा, मधे अंगण, मागे हे लोक. भाडं वाढत वाढत शेवटी महिना १५० रुपयांवर येऊन थांबलं, आणि तिथे ते कित्येक वर्षं थांबलेलंच राहिलं.

इथे कायद्याचा एक बारकावा सांगायला हवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर फिरते. गोव्यात दुसऱ्याच्या जागेत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांसाठी दोन वेगळे कायदे आहेत. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेवर त्याच्या संमतीने घर करून राहणारा तो मुंडकार. १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्याला हुसकावण्यापासून संरक्षण दिलं आणि पुढे घर व भोवतीची जागा विकत घेण्याचा हक्कही दिला. नगरपालिका क्षेत्रात २०० चौरस मीटरपर्यंत. पण घराचं भाडं भरणारा मुंडकार होत नाही. तो भाडेकरू, त्याला १९६८ चा भाडे नियंत्रण कायदा. त्या कायद्याने छप्पर टिकतं, मालकी कधीच मिळत नाही.

आजोबा दर महिन्याला प्रामाणिकपणे भाडं भरत राहिले आणि पावत्या जपत राहिले. गृहस्थाची बहीण करासवाड्याला ज्या घरी दिली, तिथली माणसं भाटकाराला नारळ उतरवून द्यायची, भाडं म्हणून काही देत नव्हती. आज त्या बहिणीच्या सासरचं घर त्यांच्या नावावर आहे. दोन्ही कुटुंबं सारखीच गरीब होती. एकाने पावती घेतली, दुसऱ्याने घेतली नाही, एवढाच काय तो फरक.

२०१९ च्या पावसाळ्यात मागच्या खोलीचा वासा मोडला आणि कौलं आत आली. माणसं वाचली. दुरुस्ती कोणी करायची? मालक वारून वीस वर्षं झाली होती. पाच मुलं: एक इंग्लंडमध्ये स्विंडनला, एक लिस्बनला, एक मुंबईत, दोन गोव्यात पण एकमेकांशी बोलत नाहीत. कौलं बदलायची तरी कोणाच्या सहीने, हा प्रश्न होता.

म्हापशात, मडगावात, पणजीच्या फोंताइन्हासमध्ये बंद खिडक्यांची जी घरं दिसतात, त्यांच्यामागे बहुधा अशीच एखादी गोष्ट असते. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा अजून चालतो. सगळ्या मुलांना, मुलींनाही, वाटा मिळतो, आणि आईवडिलांना मृत्युपत्राने फार तर अर्ध्या मालमत्तेची विल्हेवाट लावता येते. लग्न होताना वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते. म्हणून विकताना जोडीदाराचीही सही लागते. पाच भावंडं म्हणजे दहा सह्या. त्यातलं कोणी वारलं असेल तर त्याची मुलं आणि त्यांचे जोडीदार. हे सगळं सोडवायला कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधल्या वाटणीची प्रक्रिया, करावी लागते, आणि २०१६ च्या अखेरीस लागू झालेल्या नव्या वारसा कायद्यानंतरही ती झटपट उरकत नाही. स्विंडनचा भाऊ पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेला, त्याला सहीसाठी यायला सुट्टी मिळत नाही. मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगालमध्ये जन्मनोंद करता येते, त्यामुळे असे भाऊ प्रत्येक वाड्यावर आहेत. २०११ च्या जनगणनेत गोव्यातल्या साधारण पाच घरांमागे एक रिकामं नोंदलं गेलं होतं. एवढ्याशा राज्यात घरं कमी आहेत असं म्हणणाऱ्याने हा आकडा एकदा समोर ठेवावा.

मालकाच्या मुलांपैकी गोव्यातल्या एकाने शेवटी निरोप धाडला: चार लाख घ्या आणि खोल्या सोडा. वकील म्हणाला, कायदा तुमच्या बाजूने आहे, पण लढलात तर वर्षं मोजू नका. डोक्यावर ताडपत्री, घरात सत्तरी गाठलेली आई आणि नऊ-दहा वर्षांची मुलगी. गृहस्थाने चार लाख घेतले आणि किल्ली दिली.

ते घर आजही बंदच आहे. बाल्कांवाच्या कठड्यात पिंपळ उगवलाय.

सहा गाद्या

तिथून कुटुंब म्हापशातच खोर्लीकडे एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर गेलं. अकरा महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स, सुरुवातीला ९,००० रुपये. दर नूतनीकरणाला पाचशे-हजार वाढत २०२४ मध्ये १३,००० झाले. घरात दोन पगार: त्याचा २६,०००, बायकोचा एका दवाखान्यातल्या रिसेप्शनचा १४,०००. जमत होतं. मग त्या वर्षी घरमालकाने १८,००० सांगितले. देता येत नसतील तर राग नाही, म्हणाला, पण मला तेवढे मिळतायत.

त्याला तेवढे नव्हे, त्याहून जास्त मिळत होते. हे मला कळलं ते योगायोगाने. हाच घरमालक पुढे टॉप-अप कर्जासाठी माझ्याकडे आला, आणि बँकेच्या व्हॅल्युअरबरोबर मी त्या फ्लॅटमध्ये गेलो. हॉलमध्ये चार आणि आत दोन अशा सहा गाद्या गुंडाळून भिंतीला लावलेल्या. खिडकीच्या गजांना किचनचे काळे एप्रन वाळत घातलेले. बाथरूमच्या दारावर वहीचं पान चिकटवलेलं, त्यावर हिंदीत कोणी किती वाजता अंघोळ करायची त्याची यादी. शेवटच्या नावापुढे वेळ रात्री दीडची. ओडिशाचे चौघं आणि नेपाळचे दोघं, हणजूण-वागातोरच्या रेस्टॉरंटांमध्ये कामाला. कॉट बेसिसवर डोकी ४,०००. सहा चोक २४,०००.

आमच्याकडे सेकंड होमवाल्यांच्या नावाने बोटं मोडायची पद्धत आहे, आणि तिला कारणही आहे. आसगाव, शिवोली, हळदोण्याच्या बाजूला जुनी घरं आणि भाटं, म्हणजे माडाच्या बागा, ज्या भावाने गेली, विशेषतः २०२० नंतर, त्याची झळ म्हापशापर्यंत आली. पण या प्रकरणात १३,००० रुपये देणाऱ्या कुटुंबाला हटवलं ते दिल्लीच्या श्रीमंताने हटवलं नाही. त्याच्या पूल व्हिलासमोरच्या रेस्टॉरंटात भांडी घासणाऱ्या सहा पोरांनी हटवलं, तेही नकळत. कुटुंब भाडं मोजतं ते पगाराच्या वाट्याने, ही पोरं मोजतात ती अंथरुणाच्या लांबीने. किनाऱ्यावरचा मालक त्यांना पगार देतो, राहायची जागा देत नाही. ती जागा म्हापसा देतं. आणि पोरं सुखात आहेत असंही नाही. रात्री दीडला अंघोळ करणाऱ्याला कोण सुखी म्हणेल?

हप्तो पगारापेक्षा मोठो

भाड्याने राहण्यापेक्षा विकत घेऊ, असं ठरवून नवरा-बायको माझ्याकडे आले. म्हापशातच, करासवाड्याच्या बाजूला, एका नव्या इमारतीत दोन बेडरूमचा फ्लॅट बघून आले होते. किंमत ६२ लाख. मी कॅल्क्युलेटर काढला नाही, ही आकडेमोड मला तोंडपाठ आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत मिळतात, म्हणजे ४९ लाख ६० हजार. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांना लाखामागे सुमारे ८६८ रुपये. हप्ता ४३,००० च्या वर. दोघांचा मिळून पगार ४०,०००.

गृहस्थ माझ्याकडे बघत राहिला. "दादा, हप्तो पगारापेक्षा मोठो?" एरवी माझ्याशी शुद्ध मराठी बोलणारा माणूस, त्या क्षणी त्याच्या तोंडून मालवणी आली.

मग उलटं गणित केलं. पगाराच्या निम्म्याहून जास्त हप्ता बँक धरत नाही. २०,००० च्या हप्त्याला २३ लाखांचं कर्ज बसतं. जवळ सात-साडेसात लाख, त्यात ते चार लाखही आले. म्हणजे तीस लाखांचं घर. तीस लाखांत म्हापशात मिळालं असतं ते एका जुन्या इमारतीतलं, लिफ्ट नसलेलं, कागद अपुरे असलेलं वन बीएचके. तेही बघितलं. ऑक्युपन्सी, म्हणजे राहायला जाण्याचा दाखला, नव्हती, बँकेच्या वकिलाने पहिल्याच पानावर लाल शेरा मारला.

सरकारी योजना? नवरा-बायकोचं वार्षिक उत्पन्न ४ लाख ८० हजार, म्हणजे पंतप्रधान आवास योजनेच्या हिशेबात अल्प उत्पन्न गट. सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या शहरी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात व्याजावर अनुदान आहे: २५ लाखांपर्यंतचं कर्ज, त्यातल्या पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के, एकूण १ लाख ८० हजारांपर्यंत, पाच वार्षिक हप्त्यांत. पण घराची किंमत ३५ लाखांच्या आत हवी. म्हापसा नगरपालिका आहे, योजनेत बसते. म्हापशातला नवा फ्लॅट बसत नाही. बांद्यातला फ्लॅट ३५ लाखांच्या आत आहे, पण बांदा ग्रामपंचायत, आणि योजना शहरी. जिथे योजना लागू तिथे घर परवडत नाही, जिथे घर परवडतं तिथे योजना लागू नाही. सावंतवाडी नगरपरिषद आहे आणि भावही आवाक्यातले, तिथे दोन्ही जमलं असतं. मी तेच सुचवलं. पण तो प्रवास बांद्याच्याही पुढचा, आणि शिवाय एक मेख निघाली.

भारतात कुठेही पक्कं घर नाही असं प्रतिज्ञापत्र या योजनेला लागतं. आजोबांचं गावचं घर अजून उभं आहे, चुलत्यांच्या ताब्यात. ग्रामपंचायतीच्या घरपत्रकावर आजोबांचंच नाव, वारसनोंद झालेली नाही. म्हणजे या माणसाचा त्यात नाव न लागलेला एक हिस्सा. तिथे झोपायला त्याला खाट मिळणार नाही, पण कागदावर शंका येण्याइतका हिस्सा नक्की आहे. काही एजंट सांगतात, टाका सही, कोण बघतंय. मी म्हटलं, सही तुमची असेल, एजंटची नसेल. त्यांनी अनुदानाचा नाद सोडला.

गृहनिर्माण मंडळाचं नावही निघालं, ते आईने काढलं. तिच्या पिढीला मंडळ म्हणजे पर्वरीची, मडगावच्या घोगळची वसाहत: कारकून, शिक्षक, पोस्टमन यांना मिळालेली घरं. मंडळाचा कायदा १९६८ चा, म्हणजे भाडे नियंत्रण कायद्याच्याच वयाचा. त्या वसाहतीतली घरं आज ज्या भावाने हात बदलतात, ते बघून तिचा विश्वास बसला नाही.

आणखी एक गोष्ट मला खटकत आली आहे. गोव्यात जमिनीवरून जेवढा आवाज होतो तेवढा क्वचितच कुठे होत असेल. २००७ मध्ये लोकांनी प्रादेशिक आराखडा रद्द करायला लावला. २०२३ मध्ये नगरनियोजन कायद्यात १७(२) कलम घालून एकेका भूखंडाचा झोन बदलायची वाट काढली गेली, तिच्यावरही लोक तुटून पडले, आणि मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्याखालचे नियम रद्द केले. मी स्वतः त्या विरोधाच्या बाजूचा आहे. डोंगर कापून व्हिला बांधण्याने माझ्या एकाही अशिलाला घर मिळालेलं नाही. पण झाडं वाचवणारे आणि जमीन विकणारे यांच्या या भांडणात तीस लाखांच्या घराबद्दल कोणी बोलत नाही. हिरवा झोन राहिला काय आणि पिवळा झाला काय, हार्डवेअरच्या काउंटरवरचा माणूस दोन्ही नकाशांवर नाही.

सीमेची किंमत

बांद्याचा फ्लॅट २९ लाखांचा. महामार्गाच्या बाजूला, उंचावर. हे "उंचावर" मी मुद्दाम तपासलं, कारण तेरेखोल नदीचं पाणी बांद्याच्या बाजारपेठेत शिरतं. २०१९ आणि २०२१ चे पूर लोक अजून सांगतात. कर्ज २२ लाख, हप्ता सुमारे १९,१००. फ्लॅट बायकोच्या नावावर घेतला, कारण महाराष्ट्रात महिलेच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, आणि नोंदणी फी जास्तीत जास्त ३०,०००. फॉर्म डीच्या जागी सातबारा आला, मामलेदाराच्या जागी तहसीलदार. फाइल सरळ होती. बँकेने पंधरवड्यात मंजूर केली, आणि मला वाटलं, चला, एक काम मार्गी लागलं.

तिथेच माझं चुकलं. मी हप्ता मोजला होता, सीमा मोजली नव्हती.

पेट्रोल तर दिसणारी गोष्ट. जाऊन-येऊन साठ किलोमीटर, महिन्याचे पंचवीस दिवस, स्कूटरला महिना तीनेक हजार. न दिसणाऱ्या गोष्टी दुसऱ्याच. आईला दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिना २,००० मिळतात, त्याला गोव्यातला पंधरा वर्षांचा रहिवास लागतो. दीनदयाळ स्वास्थ्य सेवेच्या, म्हणजे आरोग्यविम्याच्या, कार्डालाही रहिवास लागतो, पाच वर्षांचा. बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, २०१८ च्या जानेवारीपासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झालं. तेव्हा दोडामार्गात लोक रस्त्यावर उतरले होते, कारण सिंधुदुर्गाच्या या भागाला मोठं इस्पितळ म्हणजे बांबोळीच. मुलीचं पुढे काय? गोवा सरकारच्या नोकरीला पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला लागतो, सोबत कोकणीचं ज्ञान. कोकणी तिला येते. दाखल्याचं काय, हा प्रश्न तिने स्वतःच माझ्या टेबलासमोर विचारला. दहावीची परीक्षा देऊन आलेली, हातात अजून कंपासपेटी.

बोडगेश्वर म्हणजे म्हापशाचा देव. आईने वाद घातलाच नाही. "ह्या बोडगेश्वराच्या पायाकडसून मी खंयच जावचंय नाय," म्हणाली आणि पदर सारखा केला. विषय संपला.

मग कुटुंबाने जे केलं ते कुठल्याच फॉर्मवर मावत नाही. आई आणि मुलगी करासवाड्याला बहिणीकडे राहिल्या, त्या मुंडकारी घरात. तिथे मागे एक खोली होती, पत्रे घालून नीट केली. मुलगी म्हापशातच बारावीपर्यंत शिकणार. मे २०२५ मध्ये, पाऊस लागायच्या आत, नवरा-बायको बांद्याला राहायला गेले. शनिवारी रात्री दुकान बंद करून तो करासवाड्याला जातो, रविवारी दुपारी जेवून दोघं परततात. कधी मुलगी बरोबर जाते. आई अजून फ्लॅटमध्ये गेलेली नाही. वास्तुशांतीला गेली होती तेवढीच.

या व्यवस्थेत लबाडी नाही, हे मला नोंदवून ठेवायचं आहे, कारण सीमेवर लबाडी भरपूर चालते. राहायचं बांद्याला आणि रेशनकार्ड मामाच्या घरी, मतदान इथे, गाडीला म्हापशाचा नंबर, जीए झिरो थ्री. इथे मात्र आई खरोखर गोव्यात राहते आणि नवरा-बायको खरोखर महाराष्ट्रात. नियम पाळायचे म्हणून घर दोन ठिकाणी झालं.

पहिला पावसाळा कठीण गेला. स्कूटरवर दोघं, एकाच मोठ्या रेनकोटात. ती पाचला सुटते, तो आठला. आधी ती थांबायची, आता बसने पुढे जाते. रात्री तो पोचतो तेव्हा नऊ वाजलेले असतात. मी त्याला विचारलं, पस्तावलास? म्हणाला, रात्री कोणी भाडं वाढवायला येत नाही. मग थोडं थांबून म्हणाला, पण झोप पोत्यावर होते.

कोण कुठे मोजला जाईल

सिंधुदुर्गाची लोकसंख्या २००१ मध्ये ८ लाख ६८ हजार होती, २०११ मध्ये ८ लाख ५० हजार. वाढायची सोडून घटलेला जिल्हा, मुंबईला आणि गोव्याला माणसं पुरवणारा. त्याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, बांद्याला आणि दोडामार्गला, आता फ्लॅटच्या जाहिराती लागतात, आणि त्यांवर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं मोपा विमानतळापासूनचं अंतर. मोपावरून २०२३ च्या जानेवारीत विमानं उडायला लागली. मोपा ज्या तालुक्यात येतं त्या पेडण्यातले भाव त्याआधीच उडाले होते. माझ्या अंदाजाने बांद्याची पाळीही फार लांब नाही. आजोबा जो रस्ता पायी, बहुधा डोक्यावर वळकटी घेऊन उतरले, तोच नातू हप्ता भरत चढून गेला, आणि तिथलीही स्वस्ताई थोड्या दिवसांची पाहुणी असावी.

इकडे म्हापशात काय उरतं? गोव्यात बाईमागे जन्माचं प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९-२१ मध्ये, १.३ निघालं, देशातल्या सगळ्यात खालच्या आकड्यांपैकी. साठीच्या वरची माणसं २०११ मध्येच अकरा टक्क्यांवर होती. म्हणजे इथली मुलं मुळात कमी, आणि जी आहेत त्यांचे आईबाप बांद्याला किंवा स्विंडनला. मुलीच्या जुन्या मराठी प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या बाई माझ्या ओळखीच्या आहेत. त्यांच्या पहिलीच्या वर्गात घरी कन्नड बोलणारी मुलं आहेत, हिंदी बोलणारी आहेत, एक नेपाळी आहे. "ग म भ न" ती सगळी गिरवतात, आणि बाई सांगतात, गणपतीची आरती त्यांना आमच्या मुलांपेक्षा पाठ असते. मराठी शाळा टिकल्यात त्या या मुलांमुळे. गोव्यातल्या मराठीच्या भवितव्यावर सभा भरवणाऱ्यांनी एकदा त्या वर्गात जाऊन बसावं.

२०११ च्या जनगणनेत गोव्यात मातृभाषा मराठी सांगणारे १०.८९ टक्के, हिंदी सांगणारे १०.२९. दशकभर आधी मराठीचा आकडा याच्या दुपटीच्या घरात होता. त्यावरून दोन्ही बाजूंनी बरंच लिहिलं गेलं. खरं तर घरी कोकणी, देवापुढे आणि पेपरात मराठी अशा घरांनी मातृभाषेच्या रकान्यात काय लिहायचं, हे त्या त्या वेळच्या हवेवरही ठरतं. माझ्याच घरात दोन भावांनी दोन वेगळ्या भाषा लिहिल्यात. पण पुढची जनगणना, जी २०२७ मध्ये होणार आहे, तिच्यात हे कुटुंब कसं दिसेल ते मला आत्ताच दिसतंय. आजी आणि नात: गोवा, करासवाडा, नात्यातल्या कुटुंबात राहणाऱ्या. नवरा-बायको: महाराष्ट्र, सिंधुदुर्ग, बांदा, स्वतःचं घर, कामाला जाण्याचं अंतर तीस किलोमीटर. खोर्लीच्या त्या फ्लॅटमध्ये सहा पुरुष. बाजारामागच्या जुन्या घरापुढे: बंद. चार ओळी चार ठिकाणी पडतील आणि त्यांचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे कुठल्याही तक्त्यात येणार नाही.

गेल्या शुक्रवारी बाजाराच्या गर्दीतून वाट काढत तो दुपारी एकच्या सुमाराला माझ्याकडे आला. डुलकी सोडून आला होता. मुलीच्या रहिवासी दाखल्याची आतापासून तयारी करायची म्हणाला, मामलेदाराकडे काय काय लागतं? मी यादी सांगितली: जन्मदाखला, शाळेचे दाखले, पत्त्याचा पुरावा, आईबापाच्या रहिवासाचं काही असेल तर उत्तम. त्याने डब्याच्या पिशवीतून सुतळीने बांधलेला एक गठ्ठा काढला. आजोबांच्या हातून आलेल्या भाड्याच्या पावत्या. वरच्या अलीकडच्या, पांढऱ्या. खालच्या पिवळ्या, कडा वाळवीने खाल्लेल्या, काहींवर रेव्हेन्यू स्टॅम्प अजून चिकटून.

"ह्यो चलतीत?" त्याने विचारलं.

सगळ्यात खालची पावती मी सोडवून उजेडात धरली. तारीख वाचता येत होती. झेरॉक्सवाला साडेतीनला उघडतो, तोवर बस म्हटलं.